रापी खाली ठेवण्याचा हक्क

मराठीत ‘कमावणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. व्यापारी पैसा कमावतो, वकील नाव कमावतो आणि ढोर कातडे कमावतो. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले, आतला मांसाचा पापुद्रा खरवडलेले, बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवलेले कातडे म्हणजे ‘कमावलेले’ कातडे. भाषेने दोन्ही कामांना एकच शब्द दिला. गावगाड्याने मात्र अशी व्यवस्था लावली की, जो दुसऱ्या अर्थाने कमावतो त्याच्या हाती पहिल्या अर्थाची कमाई कधी पडू नये. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा, ती नाकारण्याचा आणि आज शहरांत ‘चर्मकला’ या नावाने जे शिकविले जाते त्याचा एकत्र विचार करावयाचा आहे.

मी मंगरूळपीरचा. हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे गावाच्या नावापुढे ‘पीर’ लागले. आज हा तालुका वाशीम जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पर्यंत तो अकोला जिल्ह्यात होता. त्याआधी हे वऱ्हाड. निजामाचे, आणि १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालचे. राज्यकर्ते बदलले, जिल्हे बदलले. पण शेती बैलांवर चालत होती, आणि बैल जिवंतपणी जेवढा उपयोगी तेवढाच मेल्यावरही होता. विहिरीतून पाणी काढणारी मोट चामड्याची. आसूड चामड्याचा. लोहाराचा भाता, पाणक्याची पखाल, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधावयाचा घुंगरांचा पट्टा, काट्याकुट्यांतून शेत तुडविणाऱ्या कुणब्याच्या पायांतला जोडा, लग्नातला डफ, हे सारे चामड्याचे. म्हणजे जे चामडे गावाला विटाळ वाटत होते, त्याच चामड्याच्या मोटेतून आलेल्या पाण्यावर गावाची बागाईत पिकत होती. मोटेच्या पाण्याला विटाळ नव्हता. मोट शिवणाऱ्याला होता.

या कामाची वाटणी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. मेलेले जनावर ओढून नेणे व सोलणे महाराकडे. कातडे कमावणे ढोराकडे, आणि जेथे ढोरांची घरे नव्हती तेथे चांभाराकडे. शिवणे चांभाराकडे. दोर आणि वाद्य मांगाकडे. एखाद्या कारखान्यात मजुरांनी कामाचे टप्पे वाटून घ्यावेत तशी ही वाटणी वरवर दिसते. पण बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या आपल्या न झालेल्या भाषणात दाखवून दिले की, जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही चढत्या-उतरत्या भाजणीची. चामड्याइतके तिचे स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. शिवणारा कमावणाऱ्याला हलका समजे, कमावणारा ओढणाऱ्याला. एकाच कातड्याने जोडलेली ही माणसे एका पंगतीला बसत नव्हती. सवर्णांना दोष देऊन आपण या प्रश्नातून सुटत नाही. ही उतरंड आपल्या वस्त्यांच्या आतही होती, आणि ती पूर्णपणे मोडली आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी इतिहासात गेले, ते योग्यच झाले. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, मेलेली ढोरे ओढणे सोडा, असेही सांगितले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिराच्या प्रश्नावर भरलेल्या वऱ्हाडच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांकडे होते. महाडचा विचार असा वऱ्हाडात चालत आला. आमच्या तालुक्यातील एका खेड्यात माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावकीने ढोरे ओढणे बंद केले. गावाने धान्य बंद केले, शेतावर बोलावणे बंद केले. मेलेला बैल तीन दिवस पांदीत पडून होता, असे आजोबा सांगत. हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असे, पण उपासाची आठवणही असे. दोन्ही खरे होते.

या नकारावर एक हिशेब मांडला गेला. तो बाबासाहेबांनी स्वतःच, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितला आहे. ‘केसरी’तून कोणी लिहिले की, गावात वर्षाकाठी इतकी जनावरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, मांस यांची किंमत लावली तर महारांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, आणि डॉ. आंबेडकर आपल्याच लोकांचे हे नुकसान करीत आहेत. बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या; वर मी पाचशे रुपये देतो. तो फायदा घ्यावयास कोणी पुढे आले नाही.

या प्रसंगाला आपण बहुधा हशा मिळवून पुढे जातो. थोडे थांबावयास हवे. टीकाकाराचा हिशेब आकड्यांत चुकलेला असेलच असे नाही. कातड्याला किंमत होती, म्हणून तर व्यापारी ते विकत घेत होते आणि बंदरांतून कच्ची कातडी परदेशी जात होती. त्या हिशेबात एक रकाना मात्र नव्हता. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या मिळकतीला उत्पन्न म्हणावे काय? वेठीत मिळालेली भाकरी ही मजुरी नव्हे. बाबासाहेबांनी हिशेबाचे कोष्टकच बदलले. एका पारड्यात पाचशे रुपये, दुसऱ्या पारड्यात नकार देण्याची मुभा. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते अशा माणसांनी दुसरे पारडे निवडले, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील फार मोठी घटना आहे.

याच्या उलट बाजूने चामड्याकडे येणारा एक माणूस होता. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. गांधीजींचे मित्र हर्मन कॅलनबाख हे मॅरियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठात जाऊन वहाणा करावयास शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि त्यांनी इतरांना शिकविले. पुढे तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना भेट दिला. तो स्मट्स यांनी १९३९ साली परत केला. प्रवासात जाऊन चामड्याचे पहिले धडे घेणाऱ्यांची परंपरा शोधावयाची झाली तर कॅलनबाखांचे नाव अग्रभागी ठेवावे लागेल. गांधीजींची निष्ठा खोटी होती असे मी म्हणत नाही. पुढे त्यांच्याच प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडीला, म्हणजे आमच्या विदर्भातच, चर्मालय चालले. गोपाळराव वाळुंजकरांनी तेथे मेलेल्या जनावरांचे कातडे शास्त्रशुद्ध रीतीने कमावण्याचे प्रयोग केले. ते काम मोलाचे होते. तरीही एक फरक उरतोच. बॅरिस्टराने वहाण शिवली की ते व्रत होते, आणि चांभाराने शिवली की ती जात होते. वस्तू एकच, टाका एकच. एकाला त्या कामाने मोठेपण दिले, कारण त्याला ते करण्याची सक्ती नव्हती.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. जपानमध्ये चामड्याचे काम करणाऱ्या बहिष्कृतांना, ज्यांना आज बुराकुमिन म्हणतात, १८७१ च्या फर्मानाने कायद्याने समान ठरविण्यात आले. त्याबरोबर मेलेली जनावरे आणि चामडे यांवरचा त्यांचा परंपरागत एकाधिकारही गेला. धंद्यात बाहेरचे भांडवल शिरले. कलंक मात्र ज्याच्या त्याच्याकडेच राहिला. म्हणून १९२२ साली त्यांना सुइहेइशा ही आपली संघटना उभारावी लागली. कलंक आपल्याकडे आणि धंदा दुसऱ्याकडे, ही वाटणी महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीची वाटेल.

अलीकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो असता मुंबईत चार दिवस राहिलो. त्या मुक्कामात एका नवशिक्यांच्या चर्मकला वर्गाला मी पैसे भरून बसलो. तीन तासांचा वर्ग, आठ विद्यार्थी. त्यांत दोन परदेशी प्रवासी. धारावीची चामड्याची दुकाने तेथून फार दूर नव्हती. प्रत्येकापुढे आधीच कापून ठेवलेले तुकडे होते आणि त्यांचे छोटे पाकीट शिवावयाचे होते. शिकविणारी मुलगी कुशल होती, समजावून सांगणारी होती. काट्यासारख्या दातांच्या हत्याराने सारख्या अंतरावर भोके पाडणे, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून उलटसुलट टाका घालणे, कडा पाणी लावून घोटणे, हे सारे मी केले. कातड्याची कड पातळ करावयाच्या पात्याला वर्गात इंग्रजी नाव होते. पण ते हातात घेताच मी ओळखले. ही रापी. आमच्या गावच्या चौकात बसणाऱ्या कारागिराच्या हातात मी ती लहानपणापासून पाहिलेली.

कातड्याविषयी सांगण्यात आले की, हे ‘व्हेजिटेबल टॅन’ आहे, झाडाच्या सालीने कमावलेले आहे, रसायनाने नव्हे. म्हणून ते महाग आहे आणि जसजसे वापरावे तसतसे खुलते. माहिती खरी होती. क्रोमचे क्षार वापरून कातडे झटपट कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली आणि तिने सालीची संथ पद्धत मागे सारली. परंतु ही संथ पद्धत ज्यांनी शतकानुशतके सांभाळली, कातड्याची पिशवी शिवून तीत सालीचे पाणी भरून ती टांगावयाची युक्ती ज्यांना ठाऊक होती, त्या माणसांचा उल्लेख तीन तासांत एकदाही झाला नाही. साल होती, हिरडा होता, ढोर नव्हता. कोणी लपविले असे नव्हे. कोणाला ते सांगावयाची गरजच वाटली नाही. इतिहास पुसण्यासाठी दरवेळी वैर लागते असे नाही, नुसती सवय पुरते.

त्या वर्गात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. चहा आला तेव्हा मी रापी खाली ठेवली. बोट दुखले तेव्हा ठेवली. वर्ग सुटला तेव्हा ठेवली आणि निघून आलो. कोणी धान्य बंद केले नाही. घरी जाऊन अंघोळ कर असे कोणी म्हटले नाही. पाकीट दाखविले तेव्हा भाच्याच्या बायकोने कौतुक केले. ज्या घराण्याने कातड्याला हात न लावण्यासाठी उपास काढले, त्या घराण्यातल्या माणसाने स्वेच्छेने कातडे हातात घेतले. यात मला विसंगती वाटत नाही. आजोबांनी जे मिळविले त्याचाच हा उपयोग आहे. कला आणि वेठ यांच्यातली रेषा हातातल्या हत्याराने ठरत नाही. ते हत्यार खाली ठेवता येते की नाही, यावर ती ठरते.

आता हाच निकष वर्तमानाला लावून पाहू. महाराष्ट्र शासनाने १९७४ साली चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन केले. आज ते संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच वहाणा मांडल्या, त्याही उगमाचे नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केला. त्या वादात ‘महाराष्ट्राचा वारसा’ हे शब्द पुष्कळ ऐकू आले. ज्यांनी तो वारसा घडविला त्यांच्या जातीचे नाव आजही शिवीसारखे वापरणाऱ्यांच्या तोंडूनही ते ऐकू आले.

दुसरीकडे, १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या गोवंशहत्याबंदीच्या कायद्याला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलाच्या कातड्याचा पुरवठा आटला. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले. त्यानंतर तेथील दलितांनी जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली, उचलण्यास नकार दिला आणि जमीन मागितली. नव्वद वर्षांनी महाडचा हिशेब पुन्हा मांडला गेला. या वेळी कोष्टकात जमिनीचा रकानाही होता. ओढले नाही म्हणून बहिष्कार आणि सोलले म्हणून मार, या दोहोंच्या मध्ये व्यवस्थेने आपल्याला उभे केले आहे.

तेव्हा नुसता नकार पुरेसा नाही, आणि नुसते कौशल्यगौरवही पुरेसे नाही. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे’ १९७९ साली आले. शिक्षक झालेल्या चांभाराच्या मुलालाही गाव जोड्याच्या मापानेच कसे मोजतो, हे त्यातून महाराष्ट्राला कळले. या दिशेने आणखी काम व्हावयास हवे, आणि ते या त्रैमासिकाच्या वाचकांनी करावयाचे आहे. शिक्षकांनी आपापल्या तालुक्यातल्या वृद्ध कारागिरांकडून रापी, आरी, कळबूत, वादी असे शब्द, कमावण्याच्या रीती आणि नकाराच्या हकीकती लिहून घ्याव्यात; ते वृद्ध आता फार उरलेले नाहीत. विद्यार्थ्यांनी सरकारी प्रशिक्षणात आणि खासगी वर्गांत शिकविणारा कोण आहे, मानधन कोणाला मिळते, हे विचारावे. कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी एका दमात मागाव्यात: ज्याला हे काम सोडावयाचे आहे त्याला जमीन, शिक्षण आणि दुसरा रोजगार, ज्याला ते करावयाचे आहे त्याला भांडवल, कच्चा माल आणि गुरूचा मान.

मंगरूळपीरच्या चौकात आजही एक कारागीर बसतो. त्याचा मुलगा बारावीला आहे आणि त्याला रापी धरता येत नाही. बापाने मुद्दाम शिकविली नाही. त्या बापाचा निर्णय मला मान्य आहे. पण उद्या त्या मुलाला ती शिकावीशी वाटली, तर त्यासाठी मुंबईत पैसे भरून बसण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. आणि शिकल्यावर ती खाली ठेवावीशी वाटली, तर कोणाची परवानगी लागू नये.