एका स्वराचा फरक

डॉक्टर औषध 'प्रिस्क्राइब' करतात आणि सरकार पुस्तक 'प्रोस्क्राइब' करतं, म्हणजे बंदी घालतं. (डॉक्टरांचं अक्षर पाहता यातलं नेमकं काय केलंय, ते केमिस्टलाच ठाऊक!) दोघांचा बाप एकच: लॅटिन 'स्क्रीबेरे', म्हणजे लिहिणं. 'प्रि' म्हणजे आधी; आधी लिहून ठेवला तो नियम. 'प्रो' म्हणजे पुढे, चारचौघांत. चारचौघांत लिहिल्यानं एवढं काय होतं, ते रोमला इ. स. पू. ८२ मध्ये कळलं.

सुल्लानं शत्रूंच्या नावांच्या याद्या चक्क फोरममध्ये लावल्या. नाव लागलेल्याचं मुंडकं आणणाऱ्याला दोन टॅलेंट बक्षीस, मग तो गुलाम असो की पोटचा मुलगा. इस्टेट सरकारजमा. साहजिकच काही नावं राजकारणापेक्षा बागबंगल्यापायीच चढली. क्विंटस ऑरेलियस हा कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला गृहस्थ यादी वाचायला गेला, तर त्यात स्वतःचंच नाव! आपला अल्बाचा मळाच आपल्या मुळावर आला, असं म्हणत तो वळला, आणि चार पावलांवर मारला गेला. ही हकिगत प्लुटार्कची.

इ. स. पू. ४३ मध्ये पुन्हा याद्या लागल्या. त्यांत सिसेरो होता. त्याच्या मुंडक्याबरोबर लिहिणारा हातही फोरममधल्या व्यासपीठावर टांगला गेला.