पोपट, पिंजरा आणि माणसाचा हात

१/
मराठीत प्रदीर्घ गद्यकथेला ‘कादंबरी’ म्हणतात. हा शब्द आला बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत ग्रंथावरून. कादंबरी हे त्या ग्रंथाच्या नायिकेचे नाव. परंतु राजा शूद्रकाच्या दरबारात ही कथा सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपट. आणि तो सुरुवात करतो स्वतःच्या भीतीपासून. पोपट माणसाच्या हाताला का भितो आणि ती भीती कशी ओसरते, याचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/
वैशंपायनाचा जन्म विंध्यारण्यातील एका जुन्या शाल्मलीच्या ढोलीत झाला. आई त्याच्या जन्मातच गेली. म्हाताऱ्या बापाने त्याला वाढवले. एके दिवशी शिकारी शबरांची टोळी रानातून गेली. तिच्यातला एक म्हातारा शबर मांस न मिळाल्याने मागे राहिला. तो झाडावर चढला, ढोलीढोलीतून पोपट ओढून काढू लागला आणि माना मुरगळून खाली टाकू लागला. बापाने पिलाला पंखाखाली घेतले. बाप मेला, त्याच्या पंखाखाली दडलेले पिलू वाळल्या पानांच्या ढिगावर पडल्याने वाचले.

३/
पुढचा प्रसंग महत्त्वाचा आहे. पिलू भर दुपारी तहानेने व्याकूळ होऊन सरपटत निघते. पानांचा आवाज झाला तरी त्याला शबर आल्याचा भास होतो. तेवढ्यात हारीत नावाचा ऋषिकुमार स्नानासाठी सरोवराकडे जाताना त्याला पाहतो. तो पिलाला पाण्याजवळ नेववतो, स्वतःच्या हाताने पाण्याचे थेंब पाजतो, सावलीत ठेवतो आणि मग आश्रमात नेतो. एकाच दिवसात त्या जिवाने माणसाचे दोन हात अनुभवले.

४/
पंख फुटल्यावर वैशंपायन आश्रमातून उडून जातो आणि वाटेत जाळ्यात सापडतो. यावेळी तो बोलणे आणि खाणे दोन्ही टाकतो. त्याला ठेवणारी चांडालकन्या फळे आणि पाणी समोर आणते, समजावते. भुकेने अखेर त्याचा निश्चय सुटतो. शेवटी तो राजापुढे येतो तेव्हा त्याचा पिंजरा सोन्याचा असतो. कथेत दोष शबराच्या हाताला लागतो. पण पोपटाचे मोल ठरते ते दरबारात. पकडणारा गरीब आणि मागणी श्रीमंताची, ही पक्षिव्यापाराची रचना पुढेही फारशी बदलली नाही.

५/
हे सारे खानदेशाला परके नाही. तापीच्या खोऱ्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, त्याच्या पलीकडे नर्मदा आणि मग विंध्य. बाणाची शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. ती सातपुड्याच्या उतारावर आजही माघ-फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली दिसते. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य याच डोंगररांगेत येते. जुन्या झाडांच्या ढोलीत पोपट साधारण हिवाळ्याच्या अखेरीपासून अंडी घालतात. पिले बाहेर पडण्याचे दिवस आणि खानदेशचा कडक उन्हाळा जवळजवळ एकत्रच येतात. तहानेने सरपटणारे पिलू ही इथे निव्वळ कविकल्पना राहत नाही.

६/
आता मूळ प्रश्न. माणसाने कुत्रा माणसाळवला, कोंबडी माणसाळवली, बैल माणसाळवला. शेकडो पिढ्या माणसाजवळ वाढल्याने या प्राण्यांचा स्वभावच पालटला. पोपट मात्र दोन-अडीच हजार वर्षे पिंजऱ्यात राहूनही माणसाळला नाही. कारण पिंजऱ्यातला देशी पोपट बहुधा पिंजऱ्यात जन्मलेला नसे. तो दरवर्षी नव्याने ढोलीतून काढला जाई. त्यामुळे माणसावरचा विश्वास त्याला वारशाने मिळत नाही. प्रत्येक पक्ष्यापाशी माणसाला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

७/
संरक्षणाचा इतिहासही तेवढाच जुना आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर काही जीव अवध्य ठरवले. पाचव्या स्तंभलेखातील त्या यादीत पहिले नाव शुकाचे आणि दुसरे सारिकेचे, म्हणजे मैनेचे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातही रक्षणीय पक्ष्यांत शुक येतो. पण त्याच ग्रंथात राजवाड्यात पोपट आणि मैना ठेवण्याचा सल्लाही आहे, कारण सर्पविषाची शंका येताच ते ओरडतात, अशी समजूत होती. रक्षण आणि बंदिवास हे दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी नांदतात.

८/
पुढे पोपट नागर जीवनाचे भूषण झाला. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ६४ कलांमध्ये पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. शुकसप्ततीत पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून घरधनिणीला घरात थांबवतो. ती कथामाला मराठीत ‘शुकबहात्तरी’ म्हणून आली आणि फारसीत ‘तूतीनामा’ झाली. या सगळ्या साहित्यात पोपट माणसाची भाषा बोलतो. त्याची स्वतःची भाषा, म्हणजे आवळलेली पिसे, उघडी चोच, ताठरलेले अंग, ती वाचण्याची कला ६४ कलांच्या यादीत नाही.

९/
बोलणाऱ्या या पक्ष्याची कीर्ती लवकरच बाहेर गेली. इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहिले की भारतातील हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवल्यास ग्रीकही बोलेल. अलेक्झांडरचा सरदार नीआर्कस यालाही पोपटाचे नवल वाटले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील इतिहासकार ॲरियन मात्र म्हणतो की पोपटाचे वर्णन करण्याची गरज नाही, कारण त्याने स्वतःच पुष्कळ पाहिले आहेत. नवलाचा पक्षी दरम्यान सरावाचा झाला होता.

१०/
बाबराने आपल्या आत्मचरित्रात एक ऐकीव गोष्ट नोंदवली आहे. एका पोपटाचा पिंजरा कापडाने झाकला होता. श्वास कोंडतोय, तोंडावरचे काढा, असे तो पोपट म्हणाला म्हणे. खरेखोटे सांगणाऱ्याच्या माथी, अशी पुस्तीही बाबर जोडतो. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यात एक निरीक्षण आहे. पिंजऱ्याची एखादी बाजू झाकली तर पक्ष्याला आडोसा मिळतो. पिंजरा सगळा झाकला तर कोंडमारा होतो. घाबरलेल्या पोपटाच्या बाबतीत हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

११/
शेतकऱ्याचा पोपट दरबाराहून वेगळा होता. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या गाथासप्तशतीत आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या थव्याला माणके आणि पाचू गुंफलेल्या कंठ्याची उपमा आहे. तो थवा ज्वारीच्या उभ्या पिकावर उतरला की शेतकऱ्याची दृष्टी निराळी होते. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार पोपटाला हाकलतो, आणि त्याच घराच्या ओसरीवर पिंजऱ्यात ‘मिठू’ ठेवलेला असतो. शेतात चोर आणि घरात लाडका. दोन्ही ठिकाणी पोपटाच्या वाट्याला माणसाचा हातच येतो.

१२/
एकोणिसाव्या शतकात आणखी एक हात आला. खानदेशात काम केलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८२ मध्ये पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. ही यादी मोलाची आहे. पण त्या काळच्या अभ्यासाची साधने बंदूक, अंड्यांचा संग्रह आणि भुसा भरलेली कातडी ही होती. पक्षी ओळखायचा तर तो आधी मारून हातात घ्यायचा, हा रिवाज होता. जिवंत पक्ष्याला हात न लावता त्याचा अभ्यास करणे ही पुष्कळ पुढची गोष्ट.

१३/
स्वतंत्र भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली आणि आपला नेहमीचा, गळ्यावर कंठ असलेला पोपट दुसऱ्या परिशिष्टात आला. तो पकडणे, विकणे आणि घरी पाळणे हे तिन्ही गुन्हे आहेत. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पिंजऱ्यातला ‘मिठू’ हे दृश्य ओळखीचे असल्याने पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

१४/
त्यामुळे पोपट सोडवला जातो तेव्हा तो कोणत्या अवस्थेत असतो, हे पाहावे. पंख कातरलेले. वर्षानुवर्षे अरुंद पिंजऱ्यात राहून छातीचे स्नायू दुबळे झालेले. आहार म्हणजे मिरची, पोळी, दूध-भात. आणि मनात एक पक्की नोंद, की हात वरून येतो आणि पकडतो. शिकारी पक्षीही वरूनच झडप घालतो. म्हणून डोक्यावरून येणारा हात कितीही प्रेमाचा असला तरी पोपटाला तो झडपेसारखाच दिसतो.

१५/
इथे निर्णयाचे दोन मार्ग फुटतात. जो पोपट पुन्हा उडू शकेल, त्याला हाताची सवय मुळीच लावू नये. त्याला इतर पोपटांसोबत मोठ्या जाळीघरात ठेवावे, अन्न ठेवणारा माणूस त्याला कमीत कमी दिसावा, कातरलेली पिसे गळून नवी येईपर्यंत वाट पाहावी. माणसावर भरवसा ठेवणारा पोपट रानात सोडला तर तो पहिल्याच अंगणात उतरतो आणि पुन्हा पिंजऱ्यात जातो. त्याच्या बाबतीत भीती हीच त्याची ढाल आहे.

१६/
ज्याचा पंख कायमचा गेला आहे, ज्याला उभा जन्म अधिकृत केंद्रातच काढायचा आहे, त्याच्यासाठी मात्र रोजची भीती ही शिक्षा ठरते. आरंभीचे काही दिवस त्याला फक्त स्वस्थता द्यावी. पिंजरा साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर असावा. एक बाजू भिंतीला आणि एका बाजूला अर्धा पडदा असावा. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता मिळावी. मांजर आणि कुत्रा नजरेआड असावेत. अन्नपाणी ठेवून माणसाने मागे सरावे. रोज थोडा वेळ जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे. टक लावून पाहू नये.

१७/
मग खाणे हा दुवा होतो. खानदेशात यासाठी ज्वारीच्या हिरव्या कणसाइतके सोयीचे काही नाही. लांब ताटाला कणीस असल्याने हात दूर राहतो आणि दाणा ओळखीचा असतो. पोपटाने तिथून खाल्ले की दिवसागणिक ताट आखूड करत जावे. नंतर उघड्या तळहातावर दाणे. नंतर आडवी काठी पोटाखाली, पायांच्या वर अलगद धरावी म्हणजे तो तिच्यावर पाऊल ठेवतो. काठीची जागा शेवटी हात घेतो. एका वेळी ५ ते १० मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरे.

१८/
या साऱ्यात निर्णय पोपटाचा असतो. पिसे अंगाला घट्ट चिकटली, मान मागे गेली, चोच उघडली, डोळ्याची बाहुली भरभर लहानमोठी होऊ लागली, तर हात तिथेच थांबवून मागे घ्यावा. हात मागे गेला, हे पोपट लक्षात ठेवतो. आपण नकार दिला आणि तो मानला गेला, हाच अनुभव त्याला पूर्वी मिळालेला नसतो. कुणाला यासाठी आठवडे लागतात, कुणाला महिने. पिंजऱ्यात पाठलाग करून पकडल्याने, मोजे घालून दाबून धरल्याने किंवा उपाशी ठेवल्याने हे काम मागे जाते. औषधोपचारासाठी पकडावेच लागले तर ते जाणकाराने टॉवेलात गुंडाळून, झटपट आणि क्वचितच करावे.

१९/
उन्हाळ्यात जळगाव-धुळ्यात झाडाखाली पिलू सापडले तर आधी वर पाहावे. पिसे पुरी आलेले, धडधाकट पिलू बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपास असतात; कुत्र्या-मांजरांपासून दूर, उंच सावलीत ठेवणे पुरेसे. पिलू जखमी वा उघडे असेल तर हवेशीर खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. एका बाबतीत मात्र हारीताचे अनुकरण करू नये. चोचीत पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पाणी उथळ वाटीत जवळ ठेवावे.

२०/
अशोकाच्या यादीतला पहिला पक्षी आज कायद्याच्या परिशिष्टातही आहे. तरीही पिलांच्या हंगामात ढोलीत हात जातोच, कारण पिंजरा विकत घेणारे घर शिल्लक आहे. ते घर पिंजरा नाकारील तेव्हा सोडवण्यासाठी फारसे पोपट उरणार नाहीत. तोवर प्रत्येक सुटलेल्या पोपटापाशी कुणाला तरी कणीस हातात धरून, हात न हलवता, बसून राहावे लागेल.

(धागा समाप्त)