‘बर्नआउट’: एका संज्ञेचा इतिहास आणि रुग्णसेवेतील श्रमाचा प्रश्न

१

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला आहे. ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ. गुरूचे वचन ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूजवळ राहतो, त्याची आज्ञा पाळतो, त्याची सेवा करतो. या क्रमाने अर्थ विस्तारत गेला आणि आधुनिक मराठीत तो शब्द मुख्यत्वे रुग्णाच्या सेवेसाठी रूढ झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे परिचारकाचे चार गुण मानले आहेत. परिचारकाने काय द्यावे याची ही नेमकी यादी आहे. ते देत राहण्यासाठी परिचारकाला काय मिळावे, हा प्रश्न मात्र तेथे उपस्थित होत नाही.

हा प्रश्न रुग्णालय ही मोठी संस्था झाल्यानंतर, म्हणजे गेल्या सुमारे दीडशे वर्षांत, हळूहळू पुढे आला. रुग्णसेवा करणाऱ्यांच्या थकव्याला या काळात निरनिराळी नावे मिळाली. नाव बदलले की दोष कोणाचा आणि उपाय कोठे करावयाचा, याची समजूतही बदलत गेली. त्या नावांचा हा इतिहास केवळ शब्दार्थांचा नाही. रुग्णालयात श्रमाची जबाबदारी कोणी कोणावर टाकली, याचाही तो इतिहास आहे.

२

१८६९ साली अमेरिकन वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे मज्जादौर्बल्य ही संज्ञा प्रचारात आणली. मज्जासंस्थेतील शक्तीचा साठा आधुनिक जीवनाच्या धकाधकीने संपतो, अशी तीमागील कल्पना होती. कारण समाजात असले तरी दौर्बल्य शेवटी व्यक्तीच्या मज्जांचे ठरले आणि उपायही विश्रांती व विद्युत्‌चिकित्सा असे वैयक्तिकच राहिले. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी फिलाडेल्फिया येथे दिलेल्या ‘इक्वॅनिमिटास’ या सुप्रसिद्ध निरोपाच्या भाषणात समचित्तता व अविचलता हे वैद्याचे श्रेष्ठ गुण म्हणून गौरविले. आदर्श उदात्त होता. पण ज्याचे चित्त विचलित झाले त्याने काय करावे, याला त्या आदर्शात स्थान नव्हते.

त्याच वर्षी बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॅल्स्टेड यांनी शस्त्रवैद्यांच्या प्रशिक्षणाची जी पद्धती घालून दिली तीत शिकाऊ वैद्य रुग्णालयातच राहत. ‘रेसिडेंट’ म्हणजे निवासी डॉक्टर हा शब्द आजही या व्यवस्थेची साक्ष देतो. जो राहतच रुग्णालयात, त्याच्या कामाच्या तासांची गणना करण्याचे कारण उरत नाही. पुढे निवासाची सक्ती सैल झाली तरी शब्द टिकला, आणि त्याच्याबरोबर अमर्याद उपलब्धतेची अपेक्षाही टिकली. स्वतः हॅल्स्टेड कोकेनच्या व पुढे मॉर्फिनच्या व्यसनात अडकले होते, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्याने हा कडक शिरस्ता घालून दिला त्याचेच जीवन असे असावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

३

दोष व्यक्तीत शोधण्याची ही परंपरा प्रथम गंभीरपणे तपासली गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये. मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या सुमारास टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये कुटुंबवैद्यांचे चर्चागट सुरू केले. काही वैद्यांनी ठरावीक वेळी एकत्र जमावे, एखाद्या अवघड रुग्णाची हकीकत सांगावी आणि तो रुग्ण आपल्या मनात काय निर्माण करतो हेही मोकळेपणी बोलावे, असे त्यांचे स्वरूप होते. १९५७ साली बॅलिंट यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैद्याच्या मनातील खळबळ ही लाजेची बाब नसून ते रोगनिदानाचे एक साधन आहे, हा या कार्याचा गाभा होय.

याच टॅव्हिस्टॉक परंपरेतील इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका अध्यापन-रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९६० च्या सुमारास प्रसिद्ध केले. वॉर्डातील बहुतेक काम विद्यार्थिनींकडून करून घेतले जाई. शिक्षण आणि कामाची गरज यांचा मेळ बसत नसे. सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट टाकून निघून जात. रुग्णालयाने मदत मागितली ती या अडचणीसाठी.

मेन्झीस यांनी जे टिपले ते आजही वाचनीय आहे. परिचारिकेचे काम मुळातच भयाचे व दुःखाचे असते. मृत्यू, वेदना व परक्या देहाची निकटता यांच्याशी तिचा रोजचा संबंध येतो. या भयापासून तिचे रक्षण व्हावे म्हणून रुग्णालयाने नकळत एक व्यवस्था उभारली होती. एका परिचारिकेला एक रुग्ण न देता अनेक रुग्णांसाठी एकेक लहान काम दिले जाई, म्हणजे कोणाशीच निकटचा संबंध येऊ नये. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगग्रस्त अवयवाने होई. क्षुल्लक निर्णयही तपासले व पुन्हा तपासले जात आणि जबाबदारी वरवर ढकलली जाई. विद्यार्थिनींना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात वारंवार हलविले जाई. परिणाम उलटा झाला. भय कमी झाले नाही. कामातले समाधान तेवढे नाहीसे झाले. आणि सोडून जाणाऱ्यांत अकार्यक्षम मुलीच होत्या असे नव्हे. ज्यांना अधिक चांगली शुश्रूषा करता आली असती अशा कर्तबगार मुलीही त्यांत होत्या. व्यवस्थेने कर्मचाऱ्याला वाचविण्यासाठी घातलेली भिंतच त्याला झिजवीत होती, हा या अभ्यासाचा निष्कर्ष मार्मिक होता. ‘बर्नआउट’ हा शब्द या लेखनात नाही. पण त्या शब्दाने पुढे जे ओळखले गेले त्याचे कारण येथे सांगितले गेले आहे.

४

‘जळून संपणे’ हे रूपक इंग्रजीत जुनेच आहे. कुष्ठरोगाच्या संदर्भात, रोग थांबला आहे पण अवयवांची हानी होऊन गेली आहे अशा रुग्णाला त्याच अर्थाचे विशेषण लावीत. काँगोमधील कुष्ठालयाच्या पार्श्वभूमीवर ग्रॅहॅम ग्रीन यांनी लिहिलेल्या ‘अ बर्न्ट-आउट केस’ या कादंबरीचे शीर्षक त्यावरूनच आले. परंतु संज्ञा म्हणून तो शब्द रुग्णसेवकांना लावला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी. नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेले हे मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःचा व्यवसाय करीत आणि रात्री न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून राबत. मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांसाठी प्रचलित असलेला हा शब्द त्यांनी १९७४ च्या लेखात तेथील सेवकांनाच लावला. रुग्णाचे नाव सेवकाला मिळाले, हे या संक्रमणातील विशेष होय.

या लेखाविषयी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. सर्वांत लवकर जळून जातात ते सर्वांत निष्ठावान लोक, असे सांगून फ्रॉइडेनबर्गर यांनी सुचविलेले उपाय पुष्कळ अंशी व्यवस्थेचे होते: कामाच्या तासांना मर्यादा, कामांची फिरती वाटणी, सुट्टी, अधिक मनुष्यबळ आणि आपसांत बोलण्याची सोय. पुढे हा शब्द लोकप्रिय पुस्तकांत शिरला आणि अतिमहत्त्वाकांक्षी व्यक्तीचे दुखणे, असा त्याचा अर्थ होऊ लागला.

ख्रिस्तिना मॅस्लाक यांनी या संज्ञेला मोजमापाची शिस्त दिली. सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनसूचीत तीन अंगे धरली आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहण्याची वृत्ती आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. यातील दुसरे अंग लक्षणीय आहे. मेन्झीस यांना जी गोष्ट रुग्णालयाच्या रचनेत दिसली तीच येथे व्यक्तीच्या मनाचे लक्षण म्हणून आली. मॅस्लाक यांना हा धोका जाणवला असावा. मायकेल लायटर यांच्याबरोबर १९९७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी कामाचा भार, अधिकार, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय व मूल्ये अशी सहा क्षेत्रे दाखवून प्रश्न पुन्हा कार्यस्थळाकडे वळविला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणातही बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. ती व्यवसायाशी निगडित अवस्था मानली आहे.

याला समांतर दुसरी एक संज्ञा १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी परिचारिकांच्या संदर्भात मांडली. योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या बंधनांमुळे ते करता येत नाही, या यातनेला त्यांनी ‘नैतिक क्लेश’ म्हटले. येथे माणूस थकलेला नसतो. अडविला गेलेला असतो. अशाला विश्रांतीचा सल्ला देणे अपुरे आहे, हे उघड आहे.

५

कामाच्या तासांचा प्रश्न शास्त्रीय लेखांतून सुटला नाही. त्याला एका मृत्यूची आवश्यकता पडली. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यापासून काही तासांतच मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घकाळ अखंड कामावर होते आणि त्यांच्यावर वरिष्ठांची देखरेख अपुरी होती, हा मुद्दा त्यातून ऐरणीवर आला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. पुढचा अनुभव मात्र सरळ नाही. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी २०११ मध्ये घातलेली सलग १६ तासांची मर्यादा २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. तास कमी केले पण माणसे वाढविली नाहीत, तर तेच काम थोड्या वेळात कोंबले जाते आणि रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात अधिक वेळा जातो, असा आक्षेप होता. तासांची मर्यादा आवश्यक आहे. ती पुरेशी नाही.

भारतात हा प्रश्न मनुष्यबळापासूनच सुरू होतो. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात परिचारिका सुमारे ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग काम साधारणतः १२ तासांहून व आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील निवासी डॉक्टरांच्या मागण्यांत कामाचे तास हा विषय त्यानंतरही वारंवार येत राहिला, यावरून नियम आणि वॉर्ड यांतील अंतर ध्यानी यावे.

६

अलीकडे ‘रेझिलियन्स’ या संज्ञेचा बोलबाला आहे. लॅटिन क्रियापदात ‘मागे उसळणे’ असा अर्थ असलेला हा शब्द पदार्थविज्ञानातून मानसशास्त्रात आला. एमी वर्नर यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. प्रतिकूल परिस्थितीतील सुमारे एक-तृतीयांश मुले चांगली निपजली, आणि त्यामागे कोणातरी विश्वासू मोठ्या माणसाचा व समाजाचा आधार होता, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या अभ्यासाने हा शब्द रुजविला त्यातही तो केवळ व्यक्तीच्या अंगचा गुण नव्हता.

रुग्णालयांत मात्र त्याचा अर्थ ध्यानधारणेचे वर्ग आणि व्याख्याने असा झाला. हे उपाय निरुपयोगी नाहीत. त्यांचा थोडा लाभ होतो, असे परीक्षणांतून दिसते. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत डॉक्टरांची ही क्षमता इतर नोकरदारांपेक्षा अधिकच आढळली. शिवाय ज्यांचे गुण सर्वोच्च होते अशांपैकीही २९ टक्के डॉक्टरांत बर्नआउटची लक्षणे होती. उणीव चिवटपणाची असती तर असे आकडे आले नसते. २०१७ च्या एका संकलित परीक्षणातही व्यक्तीला शिकविण्याच्या उपायांपेक्षा कामाच्या रचनेतील बदलांचा परिणाम अधिक दिसला.

७

मराठीत या अनुभवासाठी शब्दांचा तुटवडा नाही. ‘शीण’ विश्रांतीने जातो. ‘उबग’ कामाविषयीच येतो. ‘करपणे’ हे क्रियापद पिकाला लावतात, आणि पीक करपले म्हणजे शेतकरी रोपाला दोष देत नाही. पाणी, ऊन व माती पाहतो. ‘बर्नआउट’ला मराठी पर्याय सुचविताना ही दृष्टी हरवू नये.

शब्दाची निवड किती दूरवर पोहोचते याचे उदाहरण जवळच आहे. २००५ पासून ग्रामीण आरोग्याचा भार वाहणाऱ्या आशांना ‘स्वयंसेविका’ म्हटले जाते आणि त्यांना मिळते तो ‘मोबदला’ असतो, ‘वेतन’ नव्हे. कोविडच्या साथीत त्या घरोघर फिरल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा सन्मान केला. सन्मान योग्यच होता. पण ‘स्वयंसेविका’ या शब्दाने तास, रजा व वेतन हे तिन्ही प्रश्न विचारण्याआधीच बाजूला सारले आहेत.

‘रेझिलियन्स’साठी मराठीत ‘सोशिकपणा’, ‘चिवटपणा’, ‘तग’ असे पर्याय सुचतात. तग ज्याची त्याने धरावयाची असते. त्यांच्याच जवळचा आणखी एक शब्द आहे, ‘उभारी’. ती माणूस धरतो, तशीच ती त्याला दुसऱ्याकडून देताही येते. बॅलिंट यांच्या चर्चागटापासून कामाच्या तासांच्या नियमापर्यंत जे उपाय उपयोगी पडले ते उभारी देण्याचे होते. ऐकण्याची इच्छा हा शुश्रूषेचा मूळ अर्थ आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे ऐकण्याची इच्छा संस्थेला असणे, हाही त्या अर्थाचाच विस्तार मानला पाहिजे.