उदगीरचा गोल, पानिपतचा गोल

उदगीर म्हटलं की आपण किल्ल्याकडं बोट दाखवतो. निकाल मात्र औशाच्या वाटेवर, उघड्या माळावर लागला. धारूरची आपली फौज गाठायला निघालेलं निजामाचं सैन्य तोफांचा गोल करून चाललं होतं. आडोसा नसला की माणसंच एकमेकांचा आडोसा होतात. पण गोलाची चाल तोफेच्या बैलाइतकी! भाऊसाहेबांनी वाट अडवली, ३ फेब्रुवारी १७६० ला गोल फुटला. ६० लाखांचा मुलूख मिळाला.

वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर भाऊसाहेबांनीच गोल बांधला. आत यात्रेकरू, बायामुलं. विंचूरकर-गायकवाडांचे स्वार जागा सोडून धावले, मागं इब्राहिमखानाच्या तोफा अडल्या.

आजची छोटी तुकडीही मैदान ओलांडते ती अशीच: निम्मे धावतात, निम्मे पडून गोळीबार करतात. शिस्त म्हणतात ती इथं कळते. दुसऱ्याचा जीव माझ्या थांबण्यावर आहे.