वॉकी-टॉकी घेताय? आधी कायदा समजून घ्या

मोहरमची सवारी असो, ईद-ए-मिलादचा जुलूस असो की इज्तेमा, स्वयंसेवकांची अडचण ठरलेली असते. गर्दी वाढली की मोबाईल लागत नाही. नगरच्या कोठल्यापाशी कत्तलच्या रात्री उभे राहिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. मग कुणीतरी नौजवान म्हणतो, "सर, ऑनलाइन वॉकी-टॉकी स्वस्तात मिळतेय, चार-सहा मागवू का?" आम्हाला हा प्रश्न अनेकदा विचारला गेला, म्हणून नीट माहिती घेऊन येथे मांडत आहोत.

मूळ नियम काय?

आपल्या देशात वायरलेस संच वापरणेच नव्हे, तर परवान्याशिवाय नुसता जवळ ठेवणेसुद्धा 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा मानला गेला आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरणाला सरकारची परवानगी किंवा सूट लागतेच. हे काम केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा पाहते. दुकानात मिळाला, बिल मिळाले, म्हणून संच कायदेशीर झाला असे होत नाही.

परवाना कशाला लागत नाही?

ऑक्टोबर 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. शक्तीची मर्यादा अर्धा वॅट. याशिवाय 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही खुला आहे, पण त्याचे अँटेना लांब असतात, हातात धरून फिरायला ते सोयीचे नाहीत. म्हणून सामान्य माणसासाठी 446 चा संच बरा.

मात्र परवाना माफ असला तरी त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता, असावीच लागते. ती कंपनीने किंवा आयात करणाऱ्याने घ्यायची असते. आपले काम फक्त ती आहे की नाही हे पाहण्याचे.

स्वस्त चिनी संचांची गोम

बाजारात सर्वात जास्त दिसणारे बाओफेंग यूव्ही-5आर सारखे संच साधारण 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झवर चालतात, शक्ती चार-पाच वॅट. म्हणजे सूट असलेल्या मर्यादेच्या आठ-दहा पट! असे संच पोलीस, अग्निशमन आणि इतर सेवांच्या पट्ट्यांत बोलू शकतात. "आम्ही 446 वरच लावून ठेवू" असे म्हटल्याने काम भागत नाही, कारण संच स्वतःच सूट मिळालेल्या प्रकारात बसत नाही.

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना 13 नोटिसा काढल्या आणि महिनाअखेरीस मार्गदर्शक तत्त्वेही आणली. फ्रिक्वेन्सी कोणती, परवाना लागतो की नाही, ईटीए आहे की नाही, हे विक्रेत्याने सांगायला हवे.

घेताना काय पाहाल?

1. फ्रिक्वेन्सी फक्त 446.0–446.2 आहे का?
2. शक्ती अर्ध्या वॅटपेक्षा जास्त तर नाही ना?
3. ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यावरचे मॉडेल आणि खोक्यावरचे मॉडेल एकच हवे.
4. पक्के बिल घ्या, प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत जपून ठेवा.
5. "लायसन्स फ्री" एवढ्या दोन शब्दांवर भरवसा ठेवू नका.

घेतल्यावर अँटेना बदलणे, शक्ती वाढवणे असले उद्योग करू नका.

किती लांब ऐकू येते?

जाहिरातीतले दहा किलोमीटर विसरा. मोकळ्या माळावर एक-दोन किलोमीटर, दाट वस्तीत काहीशे मीटर. डोंगर आडवा आला की बंद. भंडारदऱ्याकडे किंवा कळसूबाईवर मुलांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे: पुढचा आणि मागचा शिक्षक जोडून ठेवायला संच उत्तम, पण गावातून मदत बोलवायला नाही.

बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. एका वेळी एकच बोलतो, संपले की "ओव्हर" म्हणा. आणि त्याच चॅनेलवरचा कुणीही ऐकू शकतो, म्हणून कुणाची खासगी गोष्ट, पैशाची बाब बोलू नका.

जास्त शक्ती हवी असेल तर?

कारखाना किंवा संस्था डब्ल्यूपीसीकडून रीतसर परवाना व फ्रिक्वेन्सी घेऊ शकते. छंद म्हणून शिकायचे असेल तर हॅम रेडिओची परीक्षा आहे, बारा वर्षांवरील मूलही ती देऊ शकते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. आमच्या विद्यार्थ्यांनी हा इल्म जरूर शिकावा. पण हॅमचा परवाना त्या एकाच व्यक्तीचा असतो, त्याच्या नावावर दहा स्वयंसेवक बोलू शकत नाहीत.

शेवटी एवढेच

आपले शहर लष्कराचे मोठे केंद्र आहे, आर्मर्ड कोअरची शाळा येथेच आहे. अशा ठिकाणी बेकायदा संच हातात सापडला तर हेतू कितीही नेक असो, खुलासे देत फिरावे लागेल तुमच्या मुलाला. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी कोवळ्या पोराच्या नावावर गुन्हा नको. जुलूसाच्या आधी संचांची यादी, बिले आणि ईटीएच्या प्रती आयोजकांनी स्वतः पोलीस ठाण्यात दाखवून याव्यात. पाच मिनिटांचे काम आहे, आणि मग रात्रभर निश्चिंत मनाने खिदमत करता येते.