शेजाऱ्यांची स्मृती

फोनमधील नेटवर्क सेटिंग रीसेट केली, की साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात आणि अडलेले काम बहुधा सुरू होते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील ‘आर्पानेट’ हे संगणकांचे जाळे काही तास ठप्प झाले, तेव्हा एवढ्याने भागण्यासारखे नव्हते. एका यंत्रातील बिघाडाने बिट गळाले आणि मार्गांची स्थिती कळवणाऱ्या संदेशांना ८, ४० व ४४ असे क्रमांक लागले. ६३ नंतर पुन्हा ० येई. त्यामुळे ८ हून ४० नवा, ४० हून ४४ नवा आणि ४४ हून पुन्हा ८ नवा! (फळ्यावर वर्तुळ काढून पाहावे.) एखादे यंत्र पुसून सुरू केले, तरी शेजारी तेच संदेश परत देणार. शेवटी प्रत्येक यंत्राला ते संदेश टाकून देण्याची सूचना भरावी लागली.