औंधचे स्वराज्य : अधिकाराचे दान करणारा राजा

मराठी मुलखात दानधर्माची परंपरा फार जुनी आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया अशा दूरदूरच्या क्षेत्री देवळे व घाट बांधले. गावोगावच्या थोरामोठ्यांनी विहिरी खोदल्या, धर्मशाळा व पार बांधले. त्यांचे पुण्य मोठेच आहे. परंतु अशा बहुतेक दानात एक गोष्ट दात्याच्याच हाती राहते. ती म्हणजे काय द्यावे, कोणाला द्यावे आणि केव्हा द्यावे हे ठरविण्याचा अधिकार. घेणाऱ्याने फक्त हात जोडावयाचे. संपत्तीतील वाटा देणारे पुष्कळ होऊन गेले, पण अधिकारातील वाटा देणारे विरळाच. असा एक राजा आपल्या शेजारीच होऊन गेला. आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

सारोळ्याहून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंबाटकीचा घाट मागे टाकून साताऱ्यास गेले म्हणजे तेथून पूर्वेकडे खटाव तालुक्यात औंध हे गाव आहे. पुण्याजवळचे औंध ते वेगळे. हे औंध यमाई देवीचे आणि पंत प्रतिनिधींच्या संस्थानाचे. भोरचे पंत सचिव आणि औंधचे पंत प्रतिनिधी ही दोन्ही घराणी मराठेशाहीच्या पडत्या काळात, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत पुढे आली. शंकराजी नारायण हे भोरच्या घराण्याचे, तर परशुराम त्रिंबक हे औंधच्या घराण्याचे कर्ते पुरुष. औंध संस्थान लहानसे, गावे सुमारे ७२, आणि तीही एका जागी नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल असा तो विखुरलेला मुलूख होता व बराचसा भाग दुष्काळी होता.

या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव तथा बाळासाहेब पंत प्रतिनिधी बसले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करीत, आणि सूर्यनमस्काराचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावहून हलविण्याची वेळ आली, तेव्हा राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ त्यांना दिला व कर्जही दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या टेकडीवर त्यांनी उभारलेले चित्रसंग्रहालय आजही पाहावयास मिळते.

येथवरची हकीकत एका उदार राजाची आहे. खरे वेगळेपण पुढे आहे. राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत विलायतेत शिकून परत आले. त्यांना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियरची साथ मिळाली. फ्रीडमन गांधीजींचे अनुयायी होते व पुढे स्वामी भारतानंद म्हणून ओळखले गेले. राज्य प्रजेच्या हवाली करावे, असा विचार पुढे आला आणि वयाची सत्तरी गाठलेल्या राजाने त्यास मान्यता दिली. १९३८ सालच्या नोव्हेंबरमध्ये तशी घोषणा झाली. घटनेच्या मसुद्यासाठी मंडळी गांधीजींकडे गेली. राजाने स्वतःच्या खर्चास मर्यादा घालून साधेपणाने राहावे व प्रजेचा पहिला सेवक व्हावे, असा गांधीजींचा आग्रह होता. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना जाहीर झाली.

या घटनेची बांधणी खालून वर होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावयाची आणि तेथून विधिमंडळापर्यंत प्रतिनिधी जावयाचे. गावची शाळा, पाणी, रस्ता, किरकोळ तंटे हे गावाने पाहावयाचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैशाच्या खर्चातही खालच्या संस्थांना अधिकार होता. नुसती पंचायत नेमली आणि तिजोरी वरच राहिली, तर पंचांना अर्ज करण्यापलीकडे काम उरत नाही, हे तेथे ओळखले गेले होते.

माणसावरील हाच विश्वास औंध संस्थानाने कैद्यांवरही टाकला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. तेथे भिंती नव्हत्या. कैद्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे, अशी ती योजना होती. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

औंधचे हे स्वराज्य सुमारे नऊ वर्षे चालले. ८ मार्च १९४८ रोजी भोर व औंध ही दोन्ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि मोठ्या राज्याच्या कारभारात हा छोटा प्रयोग संपला. राजेसाहेब १९५१ साली निवर्तले. पण विचार संपला नाही. १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याने आणि १९६२ साली सुरू झालेल्या जिल्हा परिषद व पंचायत समित्यांनी गावाच्या हाती कारभार आला. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. तरीही कायद्याने मिळालेला अधिकार गावाने वापरला नाही, तर तो दप्तरातच पडून राहतो. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि मग चार माणसे ठरवितात तेच गावाचे मत ठरते.

औंधच्या कथेतून दात्यांनी व ग्रामस्थांनी दोघांनीही घेण्यासारखे आहे. मोठी देणगी देणाऱ्याने देणगीबरोबर विश्वासही द्यावा. पैसा कसा खर्चावा हे गावाला ठरवू द्यावे. ग्रामस्थांनीही केवळ प्रसादाचे धनी न होता जबाबदारीचे धनी व्हावे. हिशेब चावडीवर वाचला जावा आणि तो विचारण्याचा हक्क लाख रुपये देणाऱ्यास जितका, तितकाच पाटीभर वाळू वाहणाऱ्या मजुरास व घरचे मूठभर धान्य देणाऱ्या माउलीस असावा. समितीत आळीआळीची, वाडीवस्तीची माणसे असावीत, स्त्रिया असाव्यात. कळस चढल्यावर देऊळ कोणा एकाचे राहत नाही, ते गावाचे होते. त्याचा कारभारही तसाच गावाचा व्हावा.

औंधच्या राजाने गादीवर बसूनच गादीचा अधिकार प्रजेला दिला. सारोळ्याच्या ग्रामदैवताच्या कृपेने आपल्या गावातही असा देणारा आणि असे जबाबदारीने घेणारे सदैव निपजोत, हीच देवाचरणी प्रार्थना.